बोलणारे अवजार



पाश्चात्य संस्कृतीचा विषय निघाला की आपल्या घरांत दोन सूर उमटतात. आजोबा तिला निर्लज्ज आणि ऐहिक ठरवून एका वाक्यात निकालात काढतात, आणि त्याच बैठकीत बसलेला नातू जर्मन भाषेच्या वर्गाला उशीर होतो म्हणून घड्याळाकडे पाहत असतो. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या कुटुंबांना तर या संस्कृतीला परकी म्हणण्याची सोयही उरलेली नाही. आपली चूल तिच्याच यंत्रांवर पेटते. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि लंडन व ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळांतून निघालेले पेनिसिलिन येथे तयार होऊ लागले. त्या औषधाने जगलेली मुले आज आपल्यातच आजोबा-आजी होऊन बसली आहेत. ज्यांच्याशी वैर आहे त्यांच्या बाबतीतसुद्धा न्याय सोडू नका, अशी कुरआनची ताकीद आहे. मग ज्यांच्याकडून इतके घेतले त्यांना एका शब्दात दोषी ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळाला?

म्हणून अडीच हजार वर्षांच्या या इतिहासाला आपण आज एकच प्रश्न विचारू या. जो माणूस हाताने काम करतो, तो या संस्कृतीच्या दृष्टीने कोण आहे? हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. तो कोठून आला हे मी पुढे सांगणार आहे, आणि ते सांगताना मला लाज वाटणार आहे.

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने, ज्याला आपण अरस्तू म्हणतो, राज्यशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्याच्या पहिल्याच भागात तो घरातील साधनांची चर्चा करतो. साधने दोन प्रकारची, निर्जीव आणि सजीव. गुलाम हे सजीव साधन. काही माणसे स्वभावतःच गुलामगिरीसाठी जन्मतात, असे त्याचे मत होते. पण त्याच ओघात तो एक विलक्षण कल्पना मांडतो. मागाचा धोटा जर आपोआप विणू लागला, तर मालकाला गुलामांची गरजच उरणार नाही. वाचकहो, ते यंत्र आज चाकणला आहे. मोटारींच्या मोठ्या कारखान्यांत वेल्डिंगचे यंत्रमानव माणसाचा हात न लागता सांगाडे जोडत असतात. अरस्तूची अट पूर्ण झाली आहे. तिच्याबरोबर सजीव साधनही नाहीसे झाले का, एवढेच पाहायचे राहते.

अथेन्सच्या लोकशाहीचे गोडवे शाळेच्या पुस्तकांत गायले जातात. त्या नगरीच्या वैभवाला लॉरियमच्या खाणींतील चांदी लागत होती आणि ती चांदी गुलाम खणून काढत होते. रोमने हीच गोष्ट अधिक शिस्तीने केली. कॅटो हा रोमन विचारवंत शेतमालकाला सल्ला देतो की म्हातारे बैल, जुनी अवजारे आणि म्हातारा गुलाम हे सर्व विकून टाकावे. व्हॅरो या दुसऱ्या लेखकाने शेतीच्या साधनांची वर्गवारी केली: मुकी साधने म्हणजे गाड्या, अर्धवट आवाज असलेली म्हणजे बैल, आणि बोलणारी साधने म्हणजे गुलाम. या वर्गवारीत द्वेष नाही. शिवी नाही. एका सुसंस्कृत माणसाने शांतपणे केलेली ती यादी आहे, आणि तिची भीती वाटते ती याच कारणाने. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखाली गुलामांनी बंड केले. इसवी सनापूर्वी 71 साली ते मोडले, तेव्हा कापुआपासून रोमपर्यंतच्या हमरस्त्यावर सहा हजार माणसांना सुळावर लटकविण्यात आले. यादीतील साधन बोलू लागले की काय होते, ते रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला दिसावे म्हणून.

पुढे ख्रिस्ती धर्म आला. संत बेनेडिक्टच्या मठांत हाताने काम करणे हा उपासनेचा भाग मानला गेला. रोमचे कायदे एकत्र करताना जस्टिनियनच्या विधिज्ञांनी गुलामगिरी ही निसर्गाच्या विरुद्ध असल्याचे मान्य केले आणि त्याच कायद्यात ती चालू ठेवली. मान्य करणे आणि चालू ठेवणे यांतले हे अंतर ध्यानात असू द्या. ते पुन्हा भेटणार आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. युरोपला अरस्तू पुन्हा मिळाला तो मोठ्या प्रमाणात आपल्या विद्वानांच्या हातून, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. टोलेडो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने सत्तराहून अधिक अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेले, त्यांत इब्न सीनांचा वैद्यकग्रंथही होता. अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द निघाला आणि चाकणच्या यंत्रमानवाचा हात त्याच रीतीने हलतो. कुर्तुबाचे काझी इब्न रुश्द यांनी अरस्तूच्या ग्रंथांवर भाष्ये लिहिली. परंतु राज्यशास्त्राचा तो एक ग्रंथ आपल्या हाती आला नाही, असे त्यांनी स्वतःच नोंदविले आहे. सजीव साधनाची चर्चा असलेले ते पुस्तक तेराव्या शतकात ग्रीकमधून थेट लॅटिनमध्ये गेले. पुढे 1550 साली स्पेनमधील व्हॅलाडोलिड येथे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांविषयी प्रसिद्ध वाद झाला, तेव्हा सेपुल्वेदा या पंडिताने त्याच पुस्तकाचा आधार घेऊन म्हटले की हे लोक जन्मतःच गुलाम आहेत. त्याच्या विरोधात उभा राहिलेला लास कासास हाही पाश्चात्यच होता, धर्मोपदेशक होता. तोही या इतिहासाचाच भाग आहे, हे विसरणे अन्यायाचे होईल.

त्यानंतरच्या तीन-साडेतीन शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेण्यात आली. त्यांत कलमा पढणारेही होते. 1833 साली ब्रिटिश संसदेने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती भरपाई मालकांना मिळाली. गुलामांना काहीच मिळाले नाही, उलट मुक्तीनंतरही काही वर्षे त्यांनी त्याच मळ्यांवर राबावे अशी अट होती. त्याच वर्षी त्याच संसदेने गिरण्यांसाठी कायदा केला आणि 9 वर्षांखालील मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत कामावर ठेवण्यास बंदी केली. याचा अर्थ तोपर्यंत त्याहून लहान मुले तेथे राबत होती. त्याआधी सुमारे पन्नास वर्षे जर्मनीत कांट नावाच्या तत्त्वज्ञाने लिहून ठेवले होते की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. म्हणजे अरस्तूला उत्तर पाश्चात्यांनीच दिले. पुस्तकात दिले. मँचेस्टरच्या गिरणीपर्यंत ते पोहोचायला फार वेळ लागला.

आता कोणी म्हणेल, पाहा, आम्ही म्हणत होतोच! थांबा. आपलेही घर पाहू.

कुरआनने मान सोडविण्याला, म्हणजे गुलाम मुक्त करण्याला, चढणीचा अवघड मार्ग म्हटले आहे. अबू जर (र.) यांनी एका व्यक्तीला तिच्या आईवरून टोमणा मारला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सुनावले की तुमच्या हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत, आपण खातो ते त्यांना द्यावे, आपण नेसतो ते त्यांना नेसवावे, आणि झेपणार नाही असे काम सांगितलेच तर स्वतः हात लावावा. साधन हा शब्द तेथे नाही, भाऊ हा शब्द आहे. परंतु ही शिकवण ज्यांच्याकडे होती त्यांच्याच राज्यात, बसऱ्याच्या खाऱ्या दलदलीत, आफ्रिकी गुलामांकडून क्षार खरवडून घेतला जात होता. 869 साली ते उठले, आणि चौदा वर्षे लढून चिरडले गेले. मलिक अंबरची गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. हबशी गुलाम निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने खडकी शहर वसविले. पण त्या पोराला बाजारात पुन्हा पुन्हा विकणारे आणि विकत घेणारे कोणत्या धर्माचे होते, हे सांगायचे आपण टाळतो. मान्य करणे आणि चालू ठेवणे यांतले अंतर आपल्याकडेही होते. मूळ शिकवण उजळ असल्यामुळे आपला गुन्हा हलका होत नाही. माझ्या मते तो अधिक जड होतो.

आपल्या मातीतही हा प्रश्न विचारला गेला. नारायण मेघाजी लोखंडे यांचे मूळ गाव कन्हेरसर. ते चाकणच्याच खेड तालुक्यातले. त्यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 1890 च्या जूनपासून कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली. आज भोसरीत बहुतेक शेडना गुरुवारी कुलूप असते. त्या कुलपामागे कोणाची खटपट होती, हे त्या दिवशी उशिरापर्यंत झोपणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

आता माझे सांगतो.

भोसरीत पत्र्याच्या शेडमध्ये माझे तीन पॉवर प्रेसचे छोटे वर्कशॉप होते. मोठ्या कारखान्याला माल देणाऱ्या एका मधल्या कंपनीचे जॉबवर्क मी करीत असे. छोट्या उद्योगांची बिले 45 दिवसांच्या आत द्यावीत असा 2006 चा कायदा आहे. माझे बिल नव्वद दिवसांनी निघे आणि तक्रार केली तर पुढचे काम बंद होईल या भीतीने मी गप्प राही. मी गप्प राही आणि तो भार खाली ढकली. पोरांचा पगार महिन्याच्या विसाव्या-पंचविसाव्या दिवशी होई. पगार सातव्या दिवसाच्या आत द्यावा हे तेव्हाच्या 1936 च्या कायद्यातच लिहिलेले होते, हे मला माहीत होते. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची हदीसही माहीत होती. ती तर माझ्या ऑफिसच्या भिंतीवर, सुंदर नस्तालीक अक्षरांत लावलेली होती.

एका प्रेसचा सेन्सर वरचेवर यंत्र थांबवी, म्हणून तो बंद करून ठेवला होता. परभणीकडच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाची दोन बोटे त्या प्रेसखाली गेली. दवाखाना झाला, थोडे पैसे झाले, मुलगा गावी गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी कामानिमित्त मला चाकणचा एक मोठा कारखाना आतून पाहायला मिळाला. प्रत्येक यंत्रमानवाभोवती जाळीचे कुंपण होते. दार नुसते उघडले तरी तो हात हवेतच थांबतो, असे सोबतच्या अधिकाऱ्याने अभिमानाने दाखविले. मी त्या थांबलेल्या लोखंडी हाताकडे पाहत राहिलो. माणसाला इजा होऊ नये म्हणून पाश्चात्यांनी घेतलेली ती काळजी होती. चार मजले खाली, त्याच मोटारीचा एक कंस जेथे ठोकला जात होता, तेथे ती काळजी पोहोचली नव्हती. ती थांबविणारा पाश्चात्य नव्हता. पाच वेळची नमाज पढणारा मी होतो.

घरी येऊन मी खर्चाची जुनी वही काढली. दर महिन्याच्या पानावर माझ्याच अक्षरात एकाखाली एक लिहिलेले होते: ऑइल, वीज, भाडे, पोरं.

व्हॅरोचे नाव मला तेव्हा ठाऊक नव्हते. ते पुष्कळ नंतर, मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकांत डोकावताना कळले. कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः तीन प्रकारच्या माणसांविरुद्ध वादी म्हणून उभा राहील, आणि त्यांतला एक म्हणजे मजुराकडून पुरे काम घेऊन त्याची मजुरी न देणारा, ही हदीस मात्र लहानपणापासून पाठ होती. त्या रात्री मी हिशेब मांडला. कोणाचे किती दिवस उशिराने दिले, कोणाचा ओव्हरटाइम अर्ध्यावर मोडला, ही यादी चार पाने झाली. तीन मुलांचे पत्ते लागले, दोघांचे अजून लागलेले नाहीत. परभणीच्या त्या मुलाकडे मी स्वतः गेलो. त्याच्या वडिलांनी चहा दिला. मुलगा उजवा हात खिशात ठेवून बोलत होता, आणि निघताना त्याने सलाम केला तेव्हाही तो बाहेर काढला नाही.