हळहळीचा अधिकार

एखादें जुनें नाट्यगृह बंद पडलें म्हणजे समाज हळहळतो. ही हळहळ खोटी असते असें मी म्हणणार नाहीं. पण ती करण्याचा अधिकार आपणांस कितपत असतो, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मुंबईंतील चर्नी रोडजवळचें रॉयल ऑपेरा हाउस घ्या. मॉरिस बॅण्डमन व जहांगीर फ्रामजी कराका यांनीं तें उभारलें. १९११ सालीं बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्तें उद्घाटन झालें, आणि बांधकाम पुरें झालें तें त्यानंतर, १९१२ सालीं. नांव ऑपेराचें, पण त्यानें पाश्चात्य संगीतिकेचाच हट्ट धरला नाहीं. बालगंधर्व व मास्टर दीनानाथ तेथें गायिले, पृथ्वीराज कपूर यांचीं नाटकें तेथें झालीं, आणि काळ पालटला तसें तें चित्रपटगृहही झालें. १९५२ सालीं गोंडलच्या राजघराण्यानें तें विकत घेतलें. पुढें दूरदर्शन व व्हिडिओ घरोघर पोंचले, प्रेक्षक ओसरला, आणि १९९३ सालीं दारें बंद झालीं.

त्याआधींचीं चार वर्षें मी त्याच रस्त्यानें रोज कॉलेजास जात असें. दर्शनी भागाकडे कौतुकानें पाहावें व पुढें चालूं लागावें, एवढेंच आमचें नातें. तिकीट काढून मी एकदांही आंत गेलों नाहीं. मात्र कुलूप लागल्याचें कळतांच, मुंबईचें वैभव गेलें म्हणून मित्रमंडळींत सर्वांत मोठ्यानें मींच हळहळलों. मालकानें इतकी सुंदर वास्तु सांभाळावयास नको काय, असेंही मीं विचारलें.

यावर कोणी म्हणेल, रसिकानें कर्तव्य म्हणून तिकीट कां काढावें? नुसतें छत सुंदर आहे एवढ्यासाठीं टाकाऊ चित्रपट पाहण्याची सक्ति कोणावर करतां येईल? हें खरें आहे. आवड आज्ञेनें उत्पन्न होत नाहीं, आणि प्रत्येक वास्तु अमर राहावी असाही नियम नाहीं. पण मग दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. जिच्यासाठीं आपण वेळ देत नाहीं कीं पैसा वेंचीत नाहीं, ती वस्तु दुसऱ्यानें स्वतःच्या खर्चानें उभी ठेवावी असें म्हणण्याचा अधिकारही आपणांस उरत नाहीं. अभिमान सर्वांचा आणि भार एकट्याचा, ही वांटणी न्यायाची नव्हे.

गोंडल घराण्यानेंच पुढें हा भार उचलला. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडून जीर्णोद्धार होऊन २०१६ च्या ऑक्टोबरांत दारें पुन्हां उघडलीं. त्यानंतर मीं प्रथमच आंत पाऊल टाकलें. कवि-नाटककारांना वाहिलेला तो घुमट पाहतांना आनंदाबरोबर संकोचही वाटला. ज्याच्यासाठीं मीं एवढा शोक केला होता, तें मीं कधीं पाहिलेंच नव्हतें!

तेव्हांपासून मीं स्वतःपुरता एक साधा नियम केला आहे. ज्या नाट्यगृहाचें तिकीट मीं वर्षांतून एकदां तरी काढलेलें नाहीं, त्याच्या पडझडीबद्दल चारचौघांत दुःख करावयाचें नाहीं. या नियमामुळें माझें बोलणें कमी झालें आहे, आणि नाटकास जाणें थोडें वाढलें आहे.