पाहुण्यांचा कोपरा

केरळ ब्लास्टर्सचा संघ अंधेरीत खेळायला येतो त्या संध्याकाळी साकीनाका मेट्रो स्टेशनच्या फलाटावर पिवळ्या जर्सी दिसायला लागतात. खाली अंधेरी-कुर्ला रोडवर रोजचा चक्काजाम, खैरानी रोडवरच्या गाळ्यांतून माल भरून निघालेले टेम्पो, हॉर्न, शिव्या. वर ही मंडळी मफलर गळ्यात अडकवून गाडीची वाट बघत उभी. मरोळ नाका, एअरपोर्ट रोड, चकाला असं करत सहाव्या स्टेशनला, आझाद नगरला, उतरायचं आणि चालत शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल गाठायचं. फुटबॉलवाले त्याला मुंबई फुटबॉल अरेना म्हणतात. त्याच डब्यात मुंबई सिटीची आकाशी जर्सी घातलेली पोरंही असतात. दोघांनी तिकीट मोबाइलवरच काढलेलं, दोघे उतरणार एकाच स्टेशनला, रात्री परतणार कदाचित एकाच गल्लीत. फुटबॉलच्या हिशेबात मात्र एक घरचा आणि दुसरा पाहुणा.

या पाहुण्याचं मला कुतूहल आहे. 'अवे फॅन' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इंग्लंडचं चित्र येतं. शनिवारी पहाटे आगगाडी पकडून दुसऱ्या शहरात जायचं, तिथल्या तीस-चाळीस हजारांत आपण तीन हजार, घसा फुटेस्तोवर गायचं आणि हरून रात्री परत यायचं. साकीनाक्याचा पिवळ्या जर्सीतला माणूस कोचीहून आलेला नसतो. तो इथेच राहतो, इथेच कामाला जातो, पाणी आलं नाही तर इथल्याच नगरसेवकाच्या नावाने खडे फोडतो. सामना मुंबईत असतो म्हणून तर त्याला आपला संघ बघायला मिळतो. म्हणजे ज्याला वेळापत्रक 'अवे' म्हणतं, तीच त्याची घरची मॅच. कोचीचं मैदान त्याच्यापासून कोकण रेल्वेच्या एका दिवसाहून लांब आहे, आणि तिथे तो गेला तरी सुट्टीवर आलेला मुंबईवाला म्हणूनच ओळखला जाणार.

हे इंडियन सुपर लीगने (आयएसएल) २०१४ साली आणलेलं नवल नाही. कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप भरायचा तेव्हापासून मुंबईच्या फुटबॉलला बाहेरच्या संघांनीच जास्त रंग चढवला. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा सुरुवातीला गोऱ्या पलटणींची मक्तेदारी होती. ती मोडली १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने, आणि १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने चषक नेला. पुढे गोव्याचे आणि बंगालचे संघ येत राहिले. धोबी तलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिगृहांत, राहणाऱ्या, दर्यावर नोकरी करणाऱ्या गोवेकराला आपल्या गावाकडचा संघ बघायला कूपरेजपर्यंत चालत जाणं पुरेसं होतं. मुंबईत फुटबॉल बघणाऱ्याला निष्ठा बरोबर घेऊनच यावी लागे, कारण या शहराने त्याला स्वतःचा म्हणावा असा टिकाऊ क्लबच फारसा दिला नाही. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला.

उलट बाजूही तितकीच गमतीची. मुंबईच्या चाहत्याला 'घरची' मॅच बघायला पुण्याला जावं लागलं आहे, तेही एकदा नव्हे. कूपरेजचं काम चालू असताना मुंबई एफसी या तेव्हाच्या क्लबने काही काळ आपले सामने बालेवाडीत खेळले. मग २०२३ मध्ये मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये पोचली. अंधेरीचं मैदान आशियाई महासंघाच्या निकषांत बसत नव्हतं, म्हणून पुन्हा बालेवाडी. इराणच्या नस्साजीशी पहिला सामना १८ सप्टेंबरला ठरला. त्या दिवशी हरितालिका होती, दुसऱ्या दिवशी गणपती. ज्यांनी वेळापत्रक आखलं त्यांना क्वालालंपूरमध्ये बसून हे कळणं शक्य नव्हतं, पण घरी मखर अर्धवट टाकून, गावी निघालेल्या गाड्यांच्या लोंढ्यातून सोमवारी संध्याकाळी पुणं गाठायचं म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको. मुंबई ०-२ ने हरली. माझ्या मते मुंबईच्या चाहत्यांचा त्या हंगामातला सगळ्यात खडतर अवे सामना तो होता, आणि कागदावर यजमान आपणच होतो.

कागदावरचा यजमान ही चीज मोठी मजेशीर असते. २० मार्च २०२२ ची, गोव्यात फातोर्ड्याला झालेली आयएसएलची अंतिम फेरी आठवा. दोन वर्षं बंद दाराआड खेळल्यावर प्रेक्षकांना पहिल्यांदा आत सोडलं होतं. केरळहून माणसं मिळेल त्या वाहनाने मडगावला लोटली. पण यजमान ठरला होता हैदराबाद, त्यांचाही रंग पिवळाच, म्हणून केरळच्या खेळाडूंना काळे कपडे घालावे लागले. स्टँड पिवळे ते मात्र केरळच्याच लोकांनी भरलेले. पेनल्टीवर हैदराबाद जिंकलं. स्पर्धेच्या नियमांनी कुणालाही यजमान केलं तरी स्टेडियम कुणाचं हे शेवटी रेल्वेच्या डब्यांनी ठरवलं होतं.

आता तिकिटाकडे वळू, कारण खरा गुंता तिथे आहे. प्रेक्षक तिकीट घेतो तेव्हा तो काय विकत घेतो? बहुतेकांना वाटतं, दृश्य. नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्याच आशियाई स्पर्धेत, सौदीची अल-हिलाल मुंबई सिटीशी खेळायला आली, तो सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ठेवला गेला. गटवारी जाहीर झाली त्या दिवसापासून चर्चा त्यांच्याकडच्या एकाच नावाची होती, नेमार. १७ ऑक्टोबरला ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला आणि तो आलाच नाही. कित्येकांना फसवल्यासारखं वाटलं. दोन वर्षांनी, १३ डिसेंबर २०२५ ला, कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मेस्सी आला तेव्हा त्याहून वाईट घडलं. हजारो रुपये मोजलेल्या लोकांना पुढाऱ्यांच्या गराड्यातून तो धड दिसलाही नाही, थोड्याच वेळात निघून गेला, आणि लोकांनी खुर्च्या मोडून मैदानात फेकल्या. मला त्या रागाचं समर्थन करायचं नाही, पण तो समजतो. दर्शनाचे पैसे घेतले होते आणि दर्शन दिलं नव्हतं.

अवे स्टँडचं तिकीट घेणारा या व्यवहारात बसत नाही. त्याची जागा बहुधा कोपऱ्यातली, गोलपोस्टमागची, जाळीआडची. दृश्य वाईट, आणि ते त्याला ठाऊक असतं. अल्पसंख्य असण्याची एक संध्याकाळ तो पैसे देऊन घेतो. इथे वारीची उपमा मोह घालते, मराठी लेखणी पायी प्रवासाकडे आपोआप वळते. पण ती लागू पडत नाही. वारकऱ्याला पंढरपुरात सगळे आपलेच भेटतात. अवे फॅन जिथे जातो तिथे त्याच्या हरण्याची वाट बघणारेच बसलेले असतात, आणि तरी तो जातो.

म्हणून त्याच्या तिकिटाचा विचार वेगळा करावा लागतो, आणि जगाने तो केलाही आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या क्लबला तीन हजार किंवा मैदानाच्या दहा टक्के, यातली जी कमी तितकी तिकिटं द्यावीच लागतात. ती कुणाला मिळणार हे बहुतेक क्लब आधी किती अवे सामन्यांना हजेरी लावली त्यावर ठरवतात, म्हणजे पैशापेक्षा पायपीट मोजतात. चाहत्यांनी रेटा लावल्यावर २०१६ पासून या तिकिटांना तीस पौंडांची कमाल मर्यादा आली. क्लबांना अचानक दया सुचली असं समजू नये. पाहुणे गाणारे नसतील तर टीव्हीवर सामना मेल्यासारखा दिसतो, हे त्यांना कळलं होतं. अर्जेंटिनाने उलटा रस्ता धरला. २०१३ मध्ये एका चाहत्याचा बळी गेल्यावर तिथे पाहुण्या प्रेक्षकांवर बंदी आली आणि ती वर्षानुवर्षं राहिली. हिंसा त्याने आटली नाही. एकाच क्लबच्या टोळ्या आपसांत भांडत राहिल्या.

आपल्याकडे कोलकात्याने पाहुण्यांना वेगळं बसवण्याचा धडा फार महागात घेतला. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे लोक एकाच स्टँडमध्ये बसले होते. मारामारी पेटली, चेंगराचेंगरीत १६ जणांचा जीव गेला. तेव्हा वेगळं फाटक, वेगळा कोपरा, मध्ये पोलिसांची रांग, यात पाहुण्याने अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तर पाहुणा पलीकडच्या पेठेतून पाच मिनिटं चालत येतो. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या संघांत अंतर मोजायचं तर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही, आणि हुल्लडबाजीमुळे खेळ थांबण्याचे प्रसंग कोल्हापूरकरांना नवे नाहीत.

अंधेरीत सात-आठ हजारांच्या मैदानात पाहुण्यांचा कोपरा लहानसाच असतो. फाटकावर नाणी काढून घेतात, पाण्याची बाटली बाहेर ठेवायला लावतात, झेंड्याची काठी तपासतात. पण त्या कोपऱ्यात जे घडतं ते या शहरात दुसरीकडे कुठे घडताना मी बघितलेलं नाही. एरवी मुंबईत परक्याने आपलं परकेपण जरा खाली मान घालून बाळगायचं असतं. कुठला तू, कधी आलास, मराठी येतं का, हे प्रश्न रिक्षात, नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याचं घर बघताना, निवडणुकीच्या भाषणात विचारले जातात, आणि उत्तर देणारा आपण किती मुरलो आहोत हे पटवू बघतो. मीही मराठी माणूस आहे, त्या प्रश्नांमागची जुनी जखम मला माहीत आहे, ती खोटी नाही. पण पाहुण्यांच्या कोपऱ्यात साकीनाक्याचा मल्याळी माणूस, दुसऱ्या दिवशी सकाळी याच शहरात कामावर जाणारा, उभा राहून हवं तितक्या मोठ्याने मुंबई हरावी असं ओरडतो. पोलीस त्याला संरक्षण देतात. समोरून मुंबई सिटीच्या चाहत्यांच्या वेस्ट ब्लॉक ब्लूज या गटाची पोरं ढोल बडवून उत्तर देतात. खेळाच्या नियमाने त्याच्या विरोधाला आखून दिलेली जागा आहे, तिकीट आहे, फाटक आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे इतकं स्वच्छ दिसत नाही.

मुंबईचा चाहता बाहेर जातो तेव्हा त्याला हेच लागतं, आणि तिथे अडचण फाटकाच्या फार आधी सुरू होते. एप्रिल २०२४ चं उदाहरण घ्या. २४ तारखेला, बुधवारी, फातोर्ड्याला गोव्याशी उपांत्य सामना. साकीनाक्याहून निघणाऱ्याने मंगळवारी रात्री कोकणकन्या पकडायची, सकाळी मडगाव, दिवसभर भटकायचं, साडेसातला सामना. परतीची कोकणकन्या सामना सुरू होण्याआधीच सुटलेली असते, म्हणजे रात्र मडगावात काढायची किंवा बस शोधायची, नाहीतर सकाळची मांडवी एक्स्प्रेस. महिन्याच्या पगारावरच्या माणसाला दोन दिवसांची रजा, खैरानी रोडच्या कारागिराला दोन खाडे. त्या रात्री ९० मिनिटं होत आली तेव्हा गोवा २-० ने पुढे होता. मग छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे, आणि मुंबई ३-२ ने जिंकली. घरच्या स्टँडमधून माणूस गर्दी टाळायला लवकर उठतो. पाहुणा उठत नाही, कारण जायचं कुठे? मांडवी सकाळी.

२९ ला, सोमवारी, अंधेरीत परतीचा सामना जिंकून अंतिम फेरी पक्की झाली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. अंतिम सामना शनिवारी, ४ मेला, कोलकात्यात. मधे चार दिवस, मे महिना, शाळांच्या सुट्ट्या, हावड्याच्या गाड्यांची वेटिंग लिस्ट शंभरापुढे गेली तरी नवल नाही अशी वेळ. गाडीने जायचं तर जवळपास ३० तास, आणि आरक्षणाचा एकच मार्ग म्हणजे आदल्या दिवशी सकाळी दहाला एसीचं, अकराला स्लीपरचं तत्काळ. विमानाचं भाडं हंगामभराच्या तिकिटांना मागे टाकणारं. पंधरवड्यामागे, १५ एप्रिलला, याच सॉल्ट लेकवर मुंबईने २-१ ने हरून साखळी फेरीतल्या अव्वल संघाची शील्ड गमावली होती. तरी थोडे लोक गेले. साठ हजारांवर मोहन बागानवाल्यांच्या गर्जनेत मुंबई आधी मागे पडली, मग पेरेरा दियाझ, बिपिन सिंग, शेवटी वोयतुश, ३-१. याआधी २०२१ मध्ये गोव्यात बिपिनच्याच शेवटच्या मिनिटातल्या गोलने चषक मिळाला होता, पण तेव्हा कोविडमुळे स्टँड रिकामे होते. संघ चषक जिंकताना डोळ्यांदेखत बघितला असं म्हणू शकणारे मुंबईकर म्हणजे ४ मेचे ते मूठभर पाहुणेच.

यातलं बरंचसं सोपं करता येईल. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी खुलं होतं. लीगने साखळी सामन्यांच्या तारखा तितक्या आधी पक्क्या केल्या आणि लांबच्या संघांचे सामने बुधवारऐवजी शनिवार-रविवारी ठेवले, तरी निम्मी रजा वाचेल. पाहुण्यांच्या तिकिटांचा ठरलेला वाटा, तो पाहुण्या क्लबच्याच हातून वाटला जाणं, आणि त्याच्या किमतीला मर्यादा, यासाठीही मोठा खर्च लागत नाही. पण २०२५-२६ चा हंगाम लीग चालवण्याच्या हक्कांच्या करारावरून महिनोन्महिने अडकून पडला, वेळापत्रकच नव्हतं तिथे तारखांची मागणी कुणाकडे करणार? शेवटी ठरलं तेही एकेरी फेरीचं, प्रत्येक संघाशी एकच गाठ. म्हणजे अशा हंगामात केरळ मुंबईत येतं नाहीतर मुंबई केरळात जाते, आणि पहिलं झालं तर साकीनाक्याहून सहा स्टेशनं, दुसरं झालं तर नेत्रावती एक्स्प्रेस.