अनिकेत: टोकियोतले पहिले दिवस



आजचं चिंतन गीतेच्या १२व्या अध्यायातल्या १९व्या श्लोकावर. भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतात, त्यात एक शब्द येतो: अनिकेत. ज्याला घर नाही, ठिकाणा नाही तो. त्याला लागूनच दुसरा शब्द, स्थिरमती. आपल्या पिढीत अनिकेत नावाची इतकी मुलं आहेत (आमच्या टीममध्येच दोन!) की अर्थाकडे लक्षच जात नाही.

माझं गेलं ते टोकियोत. कामासाठी तीन आठवडे तिथं होतो. शिंजुकू स्टेशनातून रोज ३० लाखांहून जास्त प्रवासी ये-जा करतात आणि बाहेर पडायच्या वाटा २०० च्या वर. एक वाट चुकली की आपण शहराच्या भलत्याच बाजूला. पाट्या वाचता येत नाहीत. गाडी खचाखच भरलेली, पण फोनवर बोलणारं कुणी नाही. दादरच्या गर्दीची सवय असलेल्या कानांना ती शांतता जड जाते. रस्त्यावर कचरापेटी सहसा दिसत नाही. १९९५ च्या सरीन हल्ल्यानंतर बऱ्याच काढून टाकल्या म्हणे. लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात. कुणी बघत नसतं, तरी नेतात.

आता प्रश्न असा, की घर सुटलं म्हणजे माणूस अनिकेत झाला का? मला नाही वाटत. परक्या शहरातल्या पहिल्या दिवसांत तर उलटंच होतं. शरीर टोकियोत आणि मन प्रत्येक गोष्ट पुण्याच्या फूटपट्टीनं मोजतंय. येनमधली किंमत वाचली की आधी रुपयांत भागाकार. शिस्त दिसली की ‘नाहीतर आपल्याकडे’, जेवणात मासा निघाला की ‘काय हे’. दिवसभर एकतर स्तुती, नाहीतर निंदा. आणि गंमत म्हणजे याच श्लोकाची सुरुवात निंदा-स्तुती सारखी मानण्यापासून होते!

माउलींनी या ठिकाणी फार मोठा अर्थ लावलाय: विश्वच ज्याचं घर, तो. ऐकायला छान वाटतं. पण त्या घरातलं सामान आपण लावलेलं नसतं, ही अडचण.

आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथला देव कांगितेन, म्हणजे बौद्ध परंपरेबरोबर जपानला पोचलेला आपला गणपती. कळल्यावर पहिल्याच रविवारी गेलो. मूर्ती दर्शनाला उघडी नसते. आणि मान कशाचा, तर मुळ्याचा! समोर पांढऱ्या जाडजूड मुळ्यांची रास. क्षणभर मन खट्टू झालं, आणि तेव्हाच विचार आला, की मी इथं कशासाठी आलोय, बाप्पासाठी की घरच्या आठवणीसाठी? सोंड दिसली असती, ओळखीचा नैवेद्य असता, तर हा प्रश्न पडलाच नसता. खरं उत्तर बहुधा ‘दोन्ही’ असंच आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. फक्त आपण नक्की कशाला नमस्कार करतोय, हे माहीत असावं.

पुढच्या आजींचं बघून मीही एक मुळा घेतला आणि वाहिला. मोठ्यानं कुणीच काही म्हणत नव्हतं, म्हणून आरती मनातल्या मनात म्हटली. टाळ्यांशिवाय.

उद्या अध्यायाचा शेवटचा, २०वा श्लोक.