मांजरीचं पिल्लू आणि नेटवर्कची फाइल

चेन्नईच्या ट्रिप्लिकेनमधलं पार्थसारथी मंदिर तेंकलै परंपरेचं. रामानुजाचार्यांच्या अनुयायांच्या वडकलै आणि तेंकलै या दोन पंथांमध्ये एक जुना वाद आहे: मोक्षासाठी जीवाने स्वतः काही करायचं की नाही? वडकलै म्हणतात, माकडाच्या पिलाने आईला निदान घट्ट धरावं. तेंकलै म्हणतात, मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही. आईच त्याला तोंडात धरून नेते.

याच शहरात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने डेबियन या लिनक्स प्रणालीवर बेतलेली ‘बॉस’ लिनक्स घडवली. डेबियनच्या इन्स्टॉलरला ‘प्रीसीड’ फाइल दिली की भाषा, डिस्क, पासवर्ड अशा प्रश्नांची उत्तरं आधीच तयार असतात. समोर माणूस बसायला नको. तेंकलै पंथाचंच यंत्र म्हणायचं!

पण ही फाइल नेटवर्कवरून आणायची, तर नेटवर्क आधी जोडलेलं हवं. म्हणजे नेटवर्कबद्दलची उत्तरं तिच्यात लिहून उपयोग नाही. ती बूट करतानाच बाहेरून द्यावी लागतात. पुढे यंत्राला नेटवर्कवरचा कायमचा पत्ता हवा असल्यास इन्स्टॉलेशनच्या शेवटी चालणाऱ्या ‘लेट कमांड’ने नव्या प्रणालीची ‘इंटरफेसेस’ ही नेटवर्कची फाइल बदलता येते, तीही यंत्र स्वतःच्या प्रणालीवर पहिल्यांदा सुरू होण्याआधी.

मग कर्ता कोण? गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणं मोजतो: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. इथे चेष्टा, म्हणजे हालचाल, यंत्राची; संकल्प मात्र फाइल लिहून केव्हाच घरी गेलेल्या अ‍ॅडमिनचा. तेंकलैंच्या आईकडून चूक होत नाही, हे गृहीतच आहे. अ‍ॅडमिनने मात्र एकच पत्ता सगळ्या यंत्रांत लिहिला, तर ती सकाळी एकमेकांशी भांडू लागतात आणि जाब त्यालाच द्यावा लागतो.