पाठीवरचा डोंगर

अपरिग्रह म्हणजे कमी वस्तू बाळगणे, असा या शब्दाचा अर्थ लोकव्यवहारात रूढ झाला असला, तरी ज्या जैन परंपरेने तो सर्वाधिक काटेकोरपणे घडवला तिला एवढा ढोबळ अर्थ मान्य नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची संख्या मोजलेली नसून ‘मूर्च्छे’वर, म्हणजे ‘हे माझे’ या गुंगीवर, बोट ठेवले आहे. ग्रंथात हा भेद सोपा वाटतो. डोंगराच्या धारेवर मात्र त्याची परीक्षा होते, कारण तेथे प्रत्येक वस्तूला वजन असते.

छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येस दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ आणि म्हैसमाळचे डोंगर आहेत, तर त्यांच्या पलीकडे कन्नडच्या बाजूने गौताळ्याच्या अभयारण्यातून सातमाळा-अजिंठ्याची रांग जाते. फाल्गुन सरून चैत्र लागला की या रांगेवरचे ओढे कोरडे पडतात, त्यामुळे दोन दिवसांच्या पदभ्रमंतीस निघालेल्याला पाणी पाठीवरच न्यावे लागते आणि तीन लिटर म्हणजे तीन किलो, या हिशेबात कोणतीही साधना सूट देत नाही. त्यावर शिधा, अंथरूण, विजेरी, आणि सर्वांत शेवटी ‘असू दे, लागलं तर’ असे म्हणून कोंबलेल्या वस्तू. सॅकचा बंद खांद्यात रुतू लागतो तेव्हा सर्वांचे वजन एकच होऊन जाते, परंतु तत्त्वार्थसूत्राच्या कसोटीवर पाणी परिग्रह ठरत नाही आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेला कपड्यांचा तिसरा जोड बहुधा ठरतो, कारण तो गरजेतून आलेला नसून उद्याच्या भयातून आलेला असतो.

बौद्ध भिक्षूच्या ‘अष्टपरिष्कारां’त, म्हणजे त्याला बाळगण्याची मुभा असलेल्या आठ वस्तूंत, तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणगाळणे येते. यांतील पहिल्या सात वस्तू त्याच्या देहासाठी आहेत. गाळणे मात्र पाण्यातील सूक्ष्म जीव पोटात जाऊन मरू नयेत म्हणूनही आहे, आणि इतक्या कसून कमी केलेल्या सामानातही दुसऱ्यासाठीची एक वस्तू उरली, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. तरीही या हलकेपणाला एक दुसरी बाजू आहे. गौताळ्याच्या दरीतील पितळखोरे येथे, इसवी सनापूर्वीच्या काळात कोरलेल्या लेण्यांत, पैठणच्या मित्रदेव नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, स्तंभाचे दान दिल्याचा लेख आहे. भिक्षू आठ वस्तूंवर राहू शकला, कारण पैठणच्या बाजारात कोणीतरी आठांहून पुष्कळ अधिक वस्तू बाळगून होता. याच लेण्यांत सापडलेला, कान्हदास नावाच्या सोनाराने घडवलेला बुटका यक्ष दोन्ही हात वर करून माथ्यावरचा भार पेलतो आणि वर हसतोही. हे शिल्प आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

म्हणजे त्यागाने ओझे नाहीसे होते की केवळ खांदा बदलते, हा खरा प्रश्न आहे. एकनाथांनी ज्या शूलीभंजनच्या डोंगरावर तप केल्याचे परंपरा सांगते, तो खुलताबादेजवळच आहे, आणि त्यांनी पुढे ज्या भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली त्यात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये कुरर पक्षी येतो. चोचीतल्या मांसासाठी इतर पक्षी त्याच्यावर तुटून पडतात, आणि ते टाकताच तो सुखी होतो. टाकलेले मांस पुढे कोणाच्या चोचीत गेले, याविषयी मूळ कथा काही बोलत नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते. त्याच चोविसांत पृथ्वीच्या उपदेशाचा भाग म्हणून पर्वतही येतो, मात्र तो टाकणे शिकवत नाही. त्याच्या अंगावर जे जे उगवते आणि वाहते ते सारे दुसऱ्याच्या कामी येते, एवढेच तो शिकवतो.

चैत्र पौर्णिमेच्या, म्हणजे हनुमान जयंतीच्या, आदल्या रात्री शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीकडे पायी निघणाऱ्या हजारो लोकांकडे या प्रश्नासह पाहता येते. पंचवीस किलोमीटरांच्या आसपासच्या या वाटेवर बहुतेकांच्या हातात नारळ आणि रुईच्या पानांची माळ यांपलीकडे फारसे काही नसते, कारण पाणी, चहा आणि फराळ घेऊन रात्रभर कोणीतरी रस्त्याच्या कडेला उभे असते. येथेही ओझे खांदा बदलते, परंतु ते उचलणारा कुरकुरत नाही, उलट ‘घ्या माउली’ म्हणून पेला पुढे करतो, आणि पुढच्या वर्षी हाच मनुष्य चालणाऱ्यांत असू शकतो.

या वाटेच्या टोकाजवळ, एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरांवर, डोंगर उचलणारे दोघे आहेत. वेरूळच्या कैलास लेण्यात रावण वीस हातांनी कैलास हलवतो आहे आणि वर शिव शांत बसलेला आहे; हा डोंगर त्याला कोणासाठी नको होता, फक्त उचलता येतो हे दाखवायचे होते. दुसरा मारुती. वाल्मीकींच्या वर्णनात ओषधींचा पर्वत कैलास आणि ऋषभ या शिखरांच्या मध्येच आहे, म्हणजे दोघांचे डोंगर शेजारचे. नेमक्या ओषधी हाती न लागल्याने मारुतीने अख्खे शिखरच उचलले, आणि ‘असू दे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा दाखला सोयीचा वाटेल. पण युद्धकांडातील पहिल्या प्रसंगात वानरसेना उठून बसल्यावर तो ते शिखर हिमालयात परत नेतो, हा भाग कीर्तनांतून सहसा गळून जातो.

खुलताबादेत हा मारुती आडवा आहे. भद्रसेन राजाचे रामगुणगान ऐकता ऐकता त्याला भावसमाधी लागली, अशी स्थानिक आख्यायिका आहे. पहाटे, पायांना फोड आलेली माणसे रुईची माळ घेऊन आत जातात, आणि रात्रभर चालून ज्याच्यापाशी पोहोचले तो निवांत पहुडलेला असतो, हात मोकळे, जवळ डोंगर नाही.