रक्ताचा वारसा आणि माणसाचे उत्तरदायित्व

वारसा म्हटला की आपल्या मनात प्रथम जमीनजुमला, घर, दागदागिने, फार तर घराण्याचे नाव येते. या वारशाची नोंद सातबाऱ्यावर होते, मृत्युपत्रात होते, आणि वाटणीवरून सख्खे भाऊ न्यायालयाची पायरीही चढतात. परंतु आणखी एक वारसा असा आहे की तो कोणी मागत नाही, कोणी लिहून ठेवीत नाही, आणि तरीही नकळत पुढच्या पिढीकडे जातो. तो म्हणजे शरीराचा वारसा. ज्या घरात आजोबा पन्नाशीपूर्वी छातीत कळ येऊन गेले, वडिलांची बायपास शस्त्रक्रिया झाली आणि आता चाळिशीतल्या मुलाच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले, त्या घरातील माणसांनी या वारशाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा केवळ वैद्यकीय प्रश्न नाही. दोष कोणाचा, कर्तव्य कोणते आणि ते कोणाप्रति, असे तीन नैतिक प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. त्यांचा क्रमाने विचार करू.

प्रथम वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. कारण चुकीच्या माहितीवर योग्य नीतिनिर्णय उभा राहू शकत नाही. कोलेस्टेरॉल हे काही विष नव्हे. पेशींची आवरणे आणि अनेक संप्रेरके तयार करण्यासाठी शरीराला त्याची गरज असते, आणि त्याचा मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते. म्हणूनच सडपातळ, मिताहारी माणसाच्या रक्तातही ते कधी कधी वाढलेले आढळते. नॉर्वेतील वैद्य कार्ल म्युलर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस अशी काही घराणी पाहिली, की ज्यांत वाढलेले कोलेस्टेरॉल, त्वचेखाली व स्नायुबंधांवर साठलेल्या चरबीच्या गाठी आणि अकाली हृदयविकार हे तिन्ही एकत्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. त्याचे कारण पुढे अमेरिकेतील मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी उलगडले. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल उचलून आत घेण्याची व्यवस्था पेशींच्या पृष्ठभागावर असते. एका जनुकातील दोषामुळे ही व्यवस्था अपुरी पडते आणि कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहते. या शोधासाठी त्या दोघांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा दोष सुमारे अडीचशे माणसांत एकाला असतो, असे आज मानले जाते. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक अपत्याला, मग ते मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

सर्वच घराण्यांत असा एकच ठळक दोष असतो असे नव्हे. पुष्कळदा अनेक लहान लहान जनुकीय कारणे एकत्र येतात आणि त्यांना एकाच स्वयंपाकघराची, एकाच सवयींची जोड मिळते. वडिलांकडून मुलाकडे जनुक जाते, तशी तंबाखूची डबीही जाते. म्हणून डॉक्टर विचारतात, वडिलांना किंवा भावाला पंचावन्न वर्षांपूर्वी, आईला किंवा बहिणीला पासष्ट वर्षांपूर्वी हृदयविकार झाला होता काय? आपल्यासाठी हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे. मूळचे केरळचे असलेले सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतरांना सुमारे ५९ व्या वर्षी, असे दिसून आले.

आता पहिला प्रश्न: दोष कोणाचा? घरात तरुण मृत्यू घडला की कोणीतरी कुजबुजतोच, “कोणाचे पाप फेडावे लागले कोण जाणे.” हा प्रश्न फार जुना आहे. यहेज्केल संदेष्ट्याने त्याच्या अठराव्या अध्यायात पित्याचा दोष पुत्राच्या माथी मारण्याची समजूत स्पष्टपणे नाकारली, आणि योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांधाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा त्यांना मिळालेले उत्तरही नकारार्थीच होते. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या खंडात एक उपयुक्त भेद केला आहे. जन्मतः आंधळा असलेल्या माणसाला कोणी दूषण देत नाही, त्याची दयाच येते. मात्र मद्यपानाने दृष्टी गमावणाऱ्याला लोक दोष देतात. कौटुंबिक हृदयविकार या भेदाला थोडा अडचणीत टाकतो, कारण येथे जन्माने आलेले आणि स्वतः ओढवून घेतलेले यांची सरमिसळ झालेली असते. किती भाग कोणता, हे बाहेरून पाहणाऱ्याला ठरविता येत नाही. म्हणून दुसऱ्याच्या आजाराचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाच नाही. ज्याने जनुक दिले त्यानेही ते निवडले नव्हते. त्याला स्वतःलाही ते कोणाकडून तरी मिळाले होते.

परंतु दोष नाही म्हणजे उत्तरदायित्वही नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. येथेच पुष्कळांची फसगत होते. “आमच्या घराण्यात पन्नाशी कोणी ओलांडलीच नाही, मग पथ्य करून काय उपयोग?” असे म्हणणाऱ्याचा स्वर शरणागतीचा असतो, पण त्यात एक प्रकारची सोयही दडलेली असते. नियतीवर भार टाकला की स्वतःला काहीच करावे लागत नाही. दुसरे टोक असे, की माणूस केवळ स्वतःच्या इच्छाशक्तीवर विसंबून राहतो. अमेरिकन लेखक जिम फिक्स यांच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते वारले. फिक्स यांनी स्वतःच्या पस्तिशीत धूम्रपान सोडले, वजन उतरविले आणि धावायला सुरुवात केली. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने लक्षावधी लोकांना धावण्याची गोडी लावली. १९८४ साली बावन्नाव्या वर्षी, धावत असतानाच, हृदय बंद पडून ते गेले. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणात अरुंद झाल्याचे आढळले. त्या वेळी अनेकांनी उपहास केला. धावणे व्यर्थ ठरले म्हणून सांगितले. खरे पाहता ते वडिलांपेक्षा नऊ वर्षे अधिक जगले. तथापि व्यायामाने वारसा पुसला जात नाही आणि प्रकृती ठणठणीत वाटते म्हणून तपासणी टाळू नये, हे त्यांच्या जीवनातून शिकण्यासारखे आहे.

या दोन टोकांमधील मार्गाला संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेत विवेक म्हटले आहे. विवेक या सद्‌गुणाच्या घटकांत त्यांनी स्मृती आणि दूरदृष्टी या दोहोंची गणना केली आहे. जे घडले ते विसरायचे नाही आणि जे घडू शकते त्याची तरतूद करायची. कौटुंबिक आजाराला हे वर्णन किती चपखल बसते! घराण्याच्या मृत्यूंची स्मृती नसेल तर दूरदृष्टीला आधारच उरत नाही.

आणि या दूरदृष्टीला आज खरोखर फळ येते. जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार बुरशींची परीक्षा करून १९७० च्या दशकात कोलेस्टेरॉल कमी करणारे एक द्रव्य शोधले. त्यातूनच स्टॅटिन नावाची औषधे निघाली. स्कँडिनेव्हियातील ४४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या औषधाने एकूण मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्याहूनही बोलका पुरावा नेदरलँड्समधून २०१९ साली आला. आनुवंशिक कोलेस्टेरॉलदोष असलेल्या ज्या मुलांना बालपणीच औषध सुरू झाले होते, त्यांची वीस वर्षांनंतर पुन्हा पाहणी करण्यात आली. वयाच्या ३९ व्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी केवळ एक टक्का लोकांना हृदयवाहिन्यांचा गंभीर विकार जडला होता. त्याच दोषाने ग्रस्त असलेल्या त्यांच्या आईवडिलांत मात्र त्याच वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होते. दोष तोच आणि घराणीही तीच. पालकांना औषध फार उशिरा मिळाले. मुलांच्या बाबतीत तो दोष वेळेवर समजला. दोन पिढ्यांच्या प्राक्तनात एवढा फरक पडला तो मुख्यतः यामुळे.

यातूनच तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. माझ्या आजाराची माहिती ही माझी एकट्याची मालमत्ता आहे काय? डॉक्टर गोपनीयतेने बांधलेले असतात. रुग्णाच्या भावंडांना ते आपण होऊन फोन करणार नाहीत. म्हणजे भावाला, बहिणीला, चुलत भावंडांना सावध करण्याचा एकच पूल उरतो आणि तो म्हणजे स्वतः रुग्ण. नेदरलँड्समध्ये १९९४ ते २०१३ या काळात एका रुग्णापासून सुरुवात करून त्याच्या नातलगांची क्रमाने तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला गेला. आपल्याकडे अशी व्यवस्था सर्वत्र नाही. म्हणून आपल्याकडे नातलगांना सांगण्याचे कर्तव्य अधिकच भारी होते. जे मला रक्तातून मिळाले ते माझ्या भावंडांनाही मिळालेले असू शकते, तर त्याविषयीचे ज्ञान तेवढे माझ्याच खिशात ठेवणे न्यायाला धरून नाही. अंगणातील विहिरीचे पाणी दूषित असल्याचे एका भावाला कळले आणि त्याने दुसऱ्याला सांगितले नाही, तर त्या मौनाला आपण सभ्यता म्हणू काय?

तरीही लोक गप्प राहतात, आणि त्यांच्या गप्प राहण्याला कारणे आहेत. सर्वांत मोठे कारण सोयरिकीचे. “मुलीचे जमायचे आहे, आता कशाला वाच्यता?” हे वाक्य अनेक घरांत उच्चारले जाते. आयुष्यभराची सोबत करू इच्छिणाऱ्या व्यक्तीपासून अशी गोष्ट लपविणे योग्य नव्हे. लग्न ठरण्यापूर्वी ती तिला कळली पाहिजे. पण येथे केवळ लपविणाऱ्यालाच उपदेश करून भागणार नाही. जो समाज खरे बोलणाऱ्याचे स्थळ नाकारतो, त्या समाजाने सत्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? समोरच्या घरातही काही ना काही असतेच. कोठे मधुमेह, कोठे रक्तदाब, कोठे अजून नाव न मिळालेला एखादा विकार. ज्याने कोलेस्टेरॉल सांगितले त्याने निदान उपाय होऊ शकेल असे काही सांगितले. सांगणाऱ्याचा प्रामाणिकपणा आणि ऐकणाऱ्याचे औदार्य ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पाळली गेली तरच हे मौन सुटेल.

दुसरे कारण भीतीचे. मुलांच्या कोवळ्या मनावर ओझे नको, असे आईवडिलांना वाटते. ती भावना समजण्यासारखी आहे. म्हणून सांगण्याचीही एक रीत असावी. धोका आणि उपाय ही एकाच श्वासात सांगावीत. वयाला पेलेल एवढेच सांगावे. आणि प्रौढ नातलगाला कळविल्यानंतर तपासणी करायची की नाही, हा निर्णय त्याच्यावर सोडावा. त्याला निवड करता यावी इतकी माहिती देणे हे आपले कर्तव्य आहे. त्याच्यावर सक्ती करणे हे नव्हे.

एक मर्यादाही ओळखली पाहिजे. औषध, पथ्य, व्यायाम, तंबाखूचा त्याग हे सर्व करूनही एखाद्याला मृत्यू लवकर गाठतो. त्याच्या दफनविधीच्या दिवशी त्याने काय चुकविले याचा हिशेब मांडत बसणे हे क्रौर्य आहे. आरोग्य हे सद्‌गुणाचे प्रमाणपत्र नव्हे आणि आजार हे दुर्गुणाचे चिन्ह नव्हे. शिवाय अखंड स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून जगणारा माणूस दीर्घायुषी झाला तरी इतरांसाठी किती जगला, हा प्रश्न उरतोच. शरीराची काळजी घ्यायची ती ज्यांना आपली गरज आहे त्यांच्यासाठीही.

हे सारे करण्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. एक साधी वही घ्यावी. आजीआजोबा, त्यांची भावंडे, आईवडील, काकामामा, आत्या-मावश्या कोणत्या वयात व कशाने गेल्या, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढावे. त्यांच्या आठवणी अपुऱ्या पडल्या तर धर्मग्रामाच्या मृत्यूच्या नोंदवहीत तारीख सापडेल. ती वही डॉक्टरांना दाखवावी, तिची प्रत आखातात वा कॅनडात असलेल्या भावंडांनाही पाठवावी. घराच्या वाटणीत जे आपण एकमेकांना द्यायला कचरतो, त्याहून मौल्यवान असे काही त्या चार पानांत असेल, आणि ते दिल्याने आपला वाटा काडीइतकाही कमी होणार नाही.