कॅमेऱ्याला परवाना कशाला?

चि. मृण्मयीस,


उद्यानांतल्या फोटोग्राफीच्या नियमावलीचा मसुदा तुझ्याकडे आल्याचं ताईकडून कळलं. लग्नाचे फोटो काढण्यात माझी हयात गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

लोकांच्या तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्या आमच्याच धंद्यातल्या मंडळींनी ओढवून घेतल्या आहेत. रविवारी सकाळी कुठल्याही मोठ्या बागेत जा. प्री-वेडिंगवाल्यांचे लाइटचे स्टँड थेट चालायच्या ट्रॅकवर. गाऊनचा घोळ हिरवळीवर पसरलेला, एक पोरगा रिफ्लेक्टर धरून उभा, दुसरा रंगीत धुराची नळकांडी पेटवतोय. रोज फिरायला येणाऱ्या आजोबांना 'काका, दोन मिनिटं थांबा' म्हणून थोपवलेलं, आणि ती दोन मिनिटं काही संपत नाहीत. यांना परवाना हवाच. शुल्क घ्या, अनामत घ्या, हिरवळीची नासधूस केली तर अनामत जप्त करा. माझ्या व्यवसायबंधूंना राग आला तरी मी हेच म्हणेन.

पण त्याच बागेत जास्वंदीवर येणाऱ्या शिंजिराची वाट बघत कॉलेजचा एखादा मुलगा जुना डीएसएलआर घेऊन बसलेला असतो. तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. वॉचमन नेमका त्यालाच उठवतो: 'मोठा कॅमेरा चालत नाही, साहेबांची परमिशन आणा.' शेजारी फोनवर रील चाललेलं असतं, तिकडे तो बघतही नाही. दोष त्याचा नाही. लेन्सची लांबी हे एकच माप आपण त्याच्या हातात दिलं आहे. तू ते माप बदल. किती जागा अडली आणि किती वेळ, एवढंच बघायला सांग.

हा घोळ न्यूयॉर्कनेही घातला होता. 2005 साली आपले माहितीपटकार राकेश शर्मा मॅनहॅटनच्या रस्त्यावर हातातल्या कॅमेऱ्याने चित्रण करत होते. पोलिसांनी त्यांना अडवून ठेवलं, चौकशी केली, परवाना का नाही म्हणून विचारलं. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या मदतीने ते कोर्टात गेले. तडजोड झाली आणि शहराने 2007 मध्ये नवे नियम सुचवले: दोन माणसं एका जागी अर्ध्या तासाहून जास्त, किंवा पाच माणसं ट्रायपॉड लावून दहा मिनिटांहून जास्त थांबली, तर परवाना आणि वर दहा लाख डॉलरचा विमा. म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त एका जागी फोटो काढत बसलेल्या कुटुंबालाही विमा! लोकांनी एवढा आवाज उठवला की शहराला माघार घ्यावी लागली. 2008 च्या सुधारित नियमांत हातातला कॅमेरा आणि ट्रायपॉड मोकळे झाले. जागा स्वतःपुरती अडवणाऱ्यांना आणि गाड्या, मोठं सामान आणणाऱ्यांना परवाना राहिला.

तुझे वरिष्ठ म्हणतील, 'व्यावसायिक असेल तर परवाना' एवढं लिहून टाक. नको. शिंजिराचा तोच फोटो उद्या कॅलेंडरवर विकला गेला तर आजचा मुलगा गुन्हेगार ठरणार का? आणि फाटकावर हे ओळखणार कोण? अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये चित्रीकरणासाठी वर्षानुवर्षं हाच निकष होता, त्यावर खटलेही झाले. शेवटी जानेवारी 2025 मध्ये कायदा बदलला. आता सहापेक्षा कमी माणसं असतील, जागा राखून ठेवत नसतील, झाडाझुडपांना इजा आणि इतरांना अडथळा करत नसतील, तर परवाना नाही आणि शुल्कही नाही, मग त्यातून पैसे मिळोत वा न मिळोत.

बायकामुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा निघेल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. पण वाईट हेतूने फोटो काढणारा तुझ्या खिडकीवर अर्ज घेऊन येणार नाही, तो खिशातला फोन काढतो. त्यासाठी वेगळं कलम लिही: कुणी 'माझा फोटो काढू नका' म्हटलं की थांबायचं, मुलांच्या खेळायच्या जागेत पालकांना विचारल्याशिवाय कॅमेरा रोखायचा नाही, आणि तक्रार आली तर वॉचमनने पोलिसांना बोलवायचं. ड्रोनच्या भानगडीत पडू नकोस. त्याला केंद्राचे 2021 चे नियम आहेत, त्यांचा हवाला दे म्हणजे झालं.

शुल्क ठरवताना छोट्या फोटोग्राफरचा विचार कर. चाळीतल्या जोडप्याला भाड्याचा सेट परवडत नाही, म्हणून तर ते बागेत येतं. फोटोग्राफर, एक मदतनीस आणि ते दोघं, स्टँड नाहीत, कपडे बदलायचा तंबू नाही, तर त्यांना फुकट येऊ दे. मोठ्या युनिटला आठवड्यातल्या दुपारच्या वेळा दे, फिरायला येणाऱ्यांच्या सकाळ-संध्याकाळ सोडून. अर्जाचा निकाल किती दिवसांत लागेल तेही लिही, नाहीतर एका सहीसाठी पोरं खेटे घालत बसतील. आणि काय विचारल्याशिवाय चालतं, हे फाटकावरच्या पाटीवर सगळ्यात वर येऊ दे. आपल्याकडच्या पाट्यांवर नुसती मनाईच असते.

मसुदा वर पाठवण्याआधी दोन-चार वॉचमनना वाचून दाखव. ते जिथे अडतील ती वाक्यं बदल, मग मला पाठव. मी माझ्या ओळखीच्या फोटोग्राफरांकडून वाचून घेतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा